नवव्या संध्याकाळची टोपली

मला उकडलेले चणे चालत नाहीत. लग्नात, साखरपुड्यात कुणी वाटी पुढे केली की मी हात मागे घेतो. बायको सांगून टाकते, "त्यांना पचत नाहीत." पचतात. पण खरं कारण सांगायचं तर आमच्या आळीचं सगळं सांगावं लागतं, आणि ते सांगताना माझा आवाज चढतो. कागदावर चढला तर कुणाला ऐकू येणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमची आळी वसईत, पापडीच्या बाजूला. पूर्वी दोन्ही अंगांना केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या होत्या, आता अर्ध्या वाड्यांवर इमारती आहेत. आळीच्या तोंडाशी दगडी चौथऱ्यावर क्रूस आहे. मे महिन्यात त्या क्रूसाचा सण असतो आणि सणाआधी नऊ संध्याकाळ नोव्हेना. जपमाळ, गाणी, प्रार्थना, आणि शेवटी उकडलेले चणे, त्यात खोबऱ्याचे तुकडे. प्रत्येक संध्याकाळ एकेका घराची. तिला पाळी म्हणतात. ज्या घराची पाळी त्या घरात चणे शिजतात आणि त्या घरातल्या गेलेल्या माणसांची नावं त्या संध्याकाळी क्रूसासमोर घेतली जातात. सगळी आळी त्यांच्यासाठी प्रार्थना करते. घरं जास्त आणि पाळ्या नऊच, म्हणून पाळी फिरत राहते, कुणाला वर्षाआड येते, कुणाला आणखी उशिरा. फक्त नववी संध्याकाळ कायम मोठ्या घराची. क्रूस त्यांच्या पणजोबांनी बसवला असं सांगतात.

माझे वडील मूळचे नायगावच्या बाजूच्या मिठागरांवरचे. मोठ्या घराच्या वाडीत पाणी लावायला आले आणि आळीच्या टोकाला झोपडी घालून राहिले. आम्हीही ख्रिस्ती, त्याच चर्चमधले, माझा बाप्तिस्माही तिथलाच. पण पाळी आम्हाला कधी आली नाही. कुणी नको म्हटलं नाही. आमच्या अलीकडच्या घरापर्यंत येऊन ती तिथूनच मागे फिरायची.

वडील गेले तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. पुढच्या मे महिन्यात आईनं चणे भिजवले. कुणाला विचारलं नाही. संध्याकाळी शिजलेल्या चण्यांच्या तोपाला फडकं बांधलं, डोक्यावर घेतला आणि मला हाताला धरून क्रूसाकडे निघाली. प्रार्थना संपत आली होती. मोठ्या घरचे म्हातारे तेव्हा प्रार्थना सांगायचे. आईनं त्यांच्यासमोर तोप उतरवला.

"घ्या, चने आनलेत. ह्यांच्या नावानं."

मिठागराकडची तिची बोली. मागच्या रांगेतल्या पोरी 'चने, चने' करत फिदीफिदी हसल्या. म्हाताऱ्यांनी तोपात वाकून पाहिलं.

"आजचे वाटून झालेत, बाई. घरी ने."

ओरडून नव्हे. सकाळी पाण्याची पाळी सांगावी तसे म्हणाले. त्यांची बायको शेजारी टोपली धरून उभी होती, ती खाली बघत राहिली. आईनं तोप उचलला. पुढे ते चणे आम्हीच खात होतो, आंबायला लागले तरी खात होतो. त्यानंतर आईनं कधी चणे भिजवले नाहीत. नोव्हेनाला मात्र दरवर्षी जायची, सगळ्यात मागे उभी राहायची, आणि चणे वाटायला लागले की घरी यायची.

*

मी काय केलं ते थोडक्यात सांगतो. आधी दुसऱ्यांच्या वाड्यांतली भाजी बाजारात नेली, मग स्वतःची भाजीची पाटी लावली, मग जुनी घरं पाडायच्या धंद्यात शिरलो. कौलारू घर पाडून इमारत उभी राहते तेव्हा आतलं सागवान, दारं, खिडक्या, तुळया, कौलं मी विकत घेतो आणि पुढे विकतो. ह्या धंद्यात मला रागानं वर काढलं, असं म्हटलं तरी चालेल. समोरच्याला वाटतं हा ओरडला, उठला, आता सौदा मोडला. मी तर तेव्हा सुरुवात करत असतो.

मोठ्या घरच्या म्हाताऱ्यांनंतर भावाभावांत वाटण्या झाल्या. क्रूसासमोरचा कोपरा त्यांनी विकायला काढला तेव्हा मी घेतला. इतकी घासाघीस केली की शेवटी थोरला म्हणाला, "घे बाबा, पण तोंड बंद कर." तो कोपरा मी कुंपण घालून मोकळाच ठेवला. बिल्डर येऊन गेले, हसून परत पाठवले. का ठेवला, ते बायकोलाही नीट सांगितलं नाही. सकाळी दार उघडलं की आळीच्या दुसऱ्या टोकाला क्रूस आणि माझं कुंपण एकाच नजरेत यायचं. मला ते बरं वाटायचं.

घर मी आळीच्या टोकालाच बांधलं, जुन्या झोपडीच्या जागी. मागे चार खोल्या काढून भाड्यानं दिल्या. त्यातल्या एकीत झारखंडकडची एक बाई नवऱ्याबरोबर राहते. वसई पूर्वेच्या गाळ्यांत दोघं कामाला जातात. तीही ख्रिस्ती. नोव्हेनाला रोज येते, डोक्यावर ओढणी घेऊन सगळ्यात मागे उभी राहते.

आई गेली तेव्हापासून तिच्या नावानं चर्चमध्ये मी दरवर्षी मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, ठेवतो. तिथे अडवणारं कुणी नाही. पण क्रूसासमोर तिचं नाव कधी निघालं नाही. ते फक्त पाळीच्या घराचं निघतं.

*

मग रस्ता रुंद व्हायचा ठरला आणि महापालिकेची माणसं चौथऱ्यावर लाल रंगाची खूण करून गेली. पावसाळ्याआधी क्रूस हलवा, म्हणाले. रस्त्याच्या एका बाजूला गटार आणि त्याला लागून इमारतीचं कंपाउंड, सोसायटी ऐकेना. दुसऱ्या बाजूला माझा कोपरा.

एका रविवारी मिस्सानंतर ते माझ्या पडवीत आले. मोठ्या घरचा थोरला, जो आता वडिलांच्या जागी प्रार्थना सांगतो, बँकेतून निवृत्त झालेला, माझ्याच वयाचा. त्याच्याबरोबर आमचे फादर, तरुण, वर्षभरापूर्वी बदलून आलेले.

"कशासाठी आलोय ते तुला माहीतच आहे," थोरला म्हणाला.

"नाही माहीत. सांग."

माहीत होतं. पण घ्यायला आलेल्यानं आधी तोंडानं मागावं, हा माझा नियम.

"क्रूसाला जागा हवी. तुझा कोपरा."

"तुमचाच होता तो."

"तेच म्हणतोय ना."

"ते नको म्हणू. आता काय हवंय ते म्हण."

फादर मध्ये पडले. "आळीची विनंती आहे की..."

"फादर, विनंती तुम्ही करताय. आळीनं अजून तोंड उघडलेलं नाही."

थोरल्यानं चष्मा काढून पुसला. "किती घेशील?"

मी उठलो तशी खुर्ची मागे पडली. "पैसे? क्रूसाच्या जागेचे पैसे घेऊ मी? हे बोलायला आलास माझ्या घरी?"

बायको चहा घेऊन दारातच थांबली. फादर घाबरले. थोरला घाबरला नाही, तो मला ओळखून आहे.

"मग बोल. काय हवं?"

"नऊच्या नऊ संध्याकाळी."

"वेडा झालास का! सगळ्यांची माणसं मेलीत, एकट्या तुझीच नाही."

"बरं. मग एकच दे. यंदाची नववी."

त्याच्या तेव्हा लक्षात आलं की मी वरून सुरुवात केली होती आणि मला कुठे उतरायचं होतं ते आधीच ठरलेलं होतं. त्याचा चेहरा लाल झाला.

"नववी आमची आहे."

"कोपराही तुमचाच होता."

फादर हळूच म्हणाले, "ही देणगी आहे की सौदा?"

"सौदा, फादर. देणगी दिली तर पुढच्या वर्षी कुणाच्या लक्षात नसेल."

ते गेल्यावर बायकोनं चहाचे भरलेले कप परत आत नेले. "क्रूसासाठी जागा देताना अट घातलीत," ती म्हणाली. "उद्या देवासमोर उभं राहायचंय की नाही?"

"तिथेही सांगेन. माझ्या आईचं नाव नऊ संध्याकाळी सोड, एका संध्याकाळीही कुणी घेतलं नाही."

"सासूबाई कधी काही बोलल्या नाहीत."

"म्हणून तर."

पुढच्या रविवारी चर्चच्या आवारात थोरला माझ्याजवळ आला. "घे तुझी नववी," म्हणाला आणि उत्तर न ऐकता स्कूटरकडे गेला.

क्रूस माझ्याच माणसांनी हलवला. दगडी काम न फुटता कसं उतरवायचं ते आमच्याशिवाय इथे कुणाला येतं? एकेक दगड खडूनं खूण करून सुटा केला. खाचांमध्ये कित्येक वर्षांचं मेण साचलं होतं, काळं, दगडासारखं घट्ट. एक पोरगा ते पटाशीनं खरवडायला लागला, त्याच्यावर मी असा ओरडलो की त्याच्या हातून पटाशी पडली. मेणासकट दगड रचले. फादरांनी पाणी शिंपडून आशीर्वाद दिला. माझं कुंपण काढलं, आणि क्रूस माझ्या जागेत उभा राहिला.

*

नवव्या दिवसाची मी जय्यत तयारी केली. बाजारातून काबुली चण्यांचं पोतं आणलं, सगळ्यात मोठ्या दाण्याचं. माणिकपूरचा एक केटरर ठरवला. कागदी वाट्या आणल्या. आळीनं पाहिले नसतील असे चणे वाटायचे होते मला.

सकाळी लवकर फाटक वाजलं. मोठ्या घरची म्हातारी, थोरल्याची आई, काठी टेकत आत आली. क्रूसाजवळ खाली बघत उभी राहिलेली ती हीच. दुसऱ्या हातात वेताची टोपली. माझ्या घराची पायरी ती कधी चढली नव्हती. पडवीत बसली, दम खाल्ला.

"काकी, निरोप पाठवायचा. मी आलो असतो."

"टोपली निरोपानं येत नाही," ती म्हणाली. "आदल्या दिवशी पाळी झाली की सकाळी पुढच्या घरी पोचवायची असते. कालच्यांनी सवयीनं आमच्याकडेच आणून ठेवली. घे."

"रिकामी आहे."

"मग भरलेली आणू होय? ऊठ. उन्हं चढायच्या आत फिरून ये. आत्ता भिजले तर दुपारी शिजतील."

"कुठे फिरून येऊ?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी थट्टा करतोय असं तिला वाटलं असावं. "घरोघर. मूठ मूठ चणे मागून आण."

"मागून कशाला? माझ्याकडे पोतं आहे. हे बघा."

तिनं पोत्यात हात घातला, दोन दाणे काढले, परत टाकले. "हे पांढरे? नि एका घरचे चणे क्रूसाला चालत नाहीत. सगळ्या आळीचे लागतात. पाळी म्हणजे दुसरं काय असतं? तुला ठाऊक नाही?"

मला ठाऊक नव्हतं. साठीला आलो, ह्याच आळीत जन्मलो, आणि मला ठाऊक नव्हतं. टोपली सकाळी फिरायची, आणि आमच्या टोकापर्यंत ती कधी आलीच नव्हती. आम्ही फक्त संध्याकाळचे शिजलेले चणे पाहिले होते. आईला वाटलं असणार की ज्याचं माणूस गेलं त्यानं चणे शिजवायचे.

"म्हणून परत पाठवलं का तिला?" मी विचारलं.

कुणाला, कधी, असं म्हातारीनं विचारलं नाही. म्हणजे आठवत होतं.

"ह्यांनी सांगितलं, घरी ने. आणखी काय सांगणार? एकाच घरचे होते ते."

"मग तसं सांगायचं! एका घरचे चालत नाहीत, टोपली घे, फिरून ये, असं सांगायचं."

"सगळ्यांना माहीत असतं ते."

"तिला कुठून माहीत असणार?" माझा आवाज चढला. समोरच्या घरातली खिडकी उघडली. "एकदा तरी टोपली आमच्या दारात आली का? एक मूठ मागायला? आली असती तर तिला कळलं असतं ना! तुम्ही दारात येणार नाही, सांगणार नाही, आणि तिनं डोक्यावरून आणले की घरी ने!"

बायको बाहेर आली. म्हातारी काठीची मूठ चोळत होती.

"तुमच्याकडे काय मागायचं, असं व्हायचं," ती म्हणाली. "तुझी आई आमच्याच घरून तांदूळ न्यायची. तिच्याच घरातून परत मूठ काढून आणायची, ते बरं नाही वाटायचं."

"कुणाला बरं नाही वाटायचं?"

"आता नाही रे आठवत."

तुळईवर नुसतं बोट वाजवलं तरी आत कीड किती आहे ते मला कळतं. त्यावर माझं पोट आहे. त्या सकाळी मात्र मला काही कळेना. ती दया होती की हलकं लेखणं होतं? मी इतकी वर्षं एका अपमानाला उत्तर शोधत होतो, आणि तो अपमान होता की नाही हेच आता सांगता येईना. अपमान नसता तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला जास्तच राग आला.

"तुला जमणार नसेल तर थोरला फिरेल," म्हातारी टोपलीकडे हात नेत म्हणाली. "त्याला सवय आहे. संध्याकाळ आमच्याकडे राहू दे."

"ठेवा ती टोपली," मी म्हणालो.

*

मला भाव करता येतो, मागता येत नाही. माल घ्यायला गेलो की मी आधी त्यातली खोड काढतो. मुठीतल्या चण्यांत काय खोड काढणार? पहिल्या दारात टोपली पुढे धरून नुसता उभा राहिलो. त्या घरच्या बाईनं विचारलं, "काय हवं?"

"चणे."

"काय करायचेत?"

तिला माहीत होतं काय करायचेत. सगळ्या आळीला तोपर्यंत माहीत झालं होतं.

"पाळी आहे माझी."

"अस्सं होय! अहो, बाहेर या. बघा आज कोण मागायला आलंय."

पुढच्या घरात म्हातारा खाटेवरून ओरडला, "आज भंगार नाही वाटतं! चणे काय भावानं घेणार?" त्याच्या पुढच्या घरात लहान पोरानं इतके चणे टाकले की निम्मे खाली सांडले आणि मी रस्त्यावर उकिडवा बसून ते वेचले. एक विधवा मात्र आतून ओंजळ भरून घेऊन आली आणि सावकाश सोडत म्हणाली, "पुढल्या वर्षी माझी पाळी आहे. तेव्हा मी येईन तुझ्या दारात. तूही असेच दे." मी मान हलवली.

मोठ्या घरी थोरला स्वतः बाहेर आला. मूठ टोपलीवर धरली, उघडली नाही.

"नववी गेली म्हणून आई काल जेवली नाही," तो म्हणाला. "सकाळी टोपली तीच घेऊन निघाली. मी म्हटलं, कशाला जातेस, येईल तो. मी नसतो आलो तुझ्याकडे."

"ठाऊक आहे."

त्यानं मूठ उघडली.

घरी येईतो टोपली बऱ्यापैकी भरली होती. नवे, जुने, सुरकुतलेले, बारीक, तांबूस, काळपट, सगळ्या जातीचे. बायकोनं ते परातीत ओतले आणि खडे वेचायला बसली. केटररला मी फोन करून नको म्हणून सांगितलं.

"मागच्या खोल्यांत गेलात का?" तिनं विचारलं.

"तिथे कशाला?"

"ती रोज येते नोव्हेनाला."

"भाडेकरू आहे ती. आळीतली नाही. आणि तिच्याकडे काय मागाय..."

मी थांबलो. बायको खाली मान घालून वेचत राहिली. तिनं काही तरी बोलायला हवं होतं, म्हणजे मला ओरडता आलं असतं.

चणे कढत पाण्यात भिजत पडले. मी पडवीत येरझाऱ्या घातल्या. म्हातारीचा राग येत होता, की तिचं वाक्य तिनं माझ्या तोंडात ठेवून दिलं आणि गेली. दुपार व्हायला आली तेव्हा टोपली उचलली आणि मागे गेलो.

तिनं दार उघडलं आणि मला बघून गडबडली. "अंकल, भाडा तो दिया ना?"

"भाड्याचं नाही. चणे पाहिजेत. मूठभर."

"चना? किसलिए?"

मग मी तिला सांगितलं. पाळी काय असते, टोपली कशी फिरते, एका घरचे चणे का चालत नाहीत, नावं कुणाची घेतात. माझ्या मोडक्या हिंदीत, दारात उभा राहून. सांगायला किती वेळ लागला? चहा पिऊन होईल एवढाच. एवढंच कुणी तरी आईला सांगायचं होतं.

ती आत गेली. डबा उघडल्याचा आवाज आला. पिशवीच्या तळाशी उरलेले चणे तिनं मुठीत आणले. "थोडा ही है." टोपलीत टाकले आणि हात पुसत म्हणाली, "अंकल, मेरी माँ का भी नाम लेंगे क्या? पिछले साल गई. मैं जा नहीं पाई गाँव."

पाळी माझी. ती मिळवायला मी काय केलं ते मलाच माहीत. त्या संध्याकाळी वडिलांच्या जोडीनं आईचंच नाव निघावं, दुसरं कुणाचं नको, असं मी ठरवून ठेवलं होतं.

"बघतो," मी म्हणालो. धंद्यात नाही म्हणायचं नसलं आणि हो म्हणायचं नसलं की मी हेच म्हणतो.

*

संध्याकाळी आळी जमली. क्रूसाला झेंडूच्या माळा, चौथऱ्यावर मेणबत्त्या. म्हातारीला पुढे खुर्ची दिली होती. फादर आले होते, थोरल्याच्या मागे उभे होते. जपमाळ झाली, गाणं झालं. मग थोरला नावं घ्यायला पुढे आला. आपल्या घरची नावं त्याला पाठ असतील. माझ्याकडे वळला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "वडिलांचं माहीत आहे. आईचं नाव काय?"

मला आधी वाटलं तो मुद्दाम विचारतोय. तसं नव्हतं. आजूबाजूला पाहिलं. कुणी पुढे होऊन सांगितलं नाही. ती चाळीसेक वर्षं ह्या आळीत राहिली, ह्या सगळ्यांच्या अंगणात झाडायला वाकली, आणि तिचं नाव इथे एकालाही माहीत नव्हतं. मिठागरवाली म्हणत तिला.

मी नाव सांगितलं. थोरल्यानं ते वडिलांच्या नावामागून मोठ्यानं घेतलं. पुढे खुर्चीतून म्हातारीचा आवाज आला, शेजारणीला सांगत होती, "असं होतं होय तिचं नाव."

ज्यासाठी इतका हट्ट केला तो क्षण एवढाच होता. नाव हवेत गेलं, लोकांनी क्रूसाची खूण केली, थोरल्यानं पुढच्या प्रार्थनेसाठी पुस्तक उघडलं. कुणी चुकलं म्हणालं नाही. मला वाटत होतं तेव्हा काही तरी होईल. काय, ते मी कधी ठरवलं नव्हतं.

"थांब," मी म्हणालो.

थोरल्यानं वर पाहिलं. मी मागे वळलो. सगळ्यात शेवटी, डोक्यावर ओढणी घेऊन ती उभी होती, आई उभी राहायची तिथेच. क्रूस हलला होता तरी मागची रांग मागेच होती.

"काय नाव तुझ्या आईचं?" मी रागावल्यासारखाच ओरडलो असणार, कारण ती दचकली.

थोरला पुटपुटला, "अरे, पाळीच्या घरची नावं असतात."

"माझ्याच घरात राहते ती."

फादरांनी मान खाली घातली, हसू लपवत होते की काय कोण जाणे. मागून नाव आलं, इकडच्या कानांना अनोळखी. थोरल्यानं चुकीचं घेतलं. "नीट घे," मी म्हणालो. त्यानं दुसऱ्यांदा नीट घेतलं.

चणे मी आणि बायकोनं वाटले. मागच्या खोलीतल्या बाईच्या मुठीतले उशिरा भिजले होते, ते नीट शिजले नव्हते, आणि सगळ्यांत मिसळून गेले होते. म्हातारीनं तोंडातला एक दाणा हातावर काढून पाहिला. "कच्चा राहिला की रे."

"राहू दे," मी म्हणालो. तिनं तो परत तोंडात टाकला आणि हिरडीनं चघळत बसली. मी काही चणे खाल्ले नाहीत.

*

सण झाला की टोपली वर्षभर मोठ्या घरी असते. ह्या वेळी ती माझ्या पडवीत खुंटीला आहे. थोरल्याचा एकदा निरोप आला, पाठवून दे. मी उलट निरोप धाडला, पुढच्या वर्षीपासून टोपली सगळ्या दारांत जाणार असेल तर देतो, मागच्या खोल्यांतसुद्धा.

"परत अट?" बायको म्हणाली.

त्याचं उत्तर आलेलं नाही. म्हातारी पावसाळ्यापासून अंथरुणावर आहे, असं कळतं. फादर दर शुक्रवारी तिला ख्रिस्तप्रसाद द्यायला जातात. परवा जाताना माझ्या फाटकाशी थांबले. "तुमची आठवण काढतात त्या," म्हणाले.

"माझी की टोपलीची?"

ते खुंटीकडे पाहून निघून गेले. मी मोठ्या घराच्या फाटकापर्यंत जाऊन आलो आहे, आत गेलो नाही. तिथे जाऊन मी काय विचारणार? तिला आठवत नाही, आणि आठवलं तर ती जे सांगेल ते मला ऐकवेल की नाही, ठाऊक नाही. पण ती गेली तर पुढच्या मे महिन्यात, नववी परत त्यांची झाली की, त्या संध्याकाळी तिचं नाव निघेल, आणि टोपली त्यांना माझ्याकडे मागायला यावं लागेल. तेव्हा मी दारात काय म्हणेन, ते अजून ठरत नाही.